उस्मानभाईंची वीण कच्च्या खिडकीत गेली

शांताताई, गुडघा कसा आहे? देशमुख, खोकला थांबला का? सलमा, तुझी शुगर? मी ठीक आहे, पण जीव जळतोय.

आज उस्मानभाई फुलंब्रीहून आले. आमच्या ओळखीत हिमरूचं नक्षीदार कापड विणणारे तेवढे एकच उरलेत. दम लागत होता, तरी तासभर वीण सांगत होते अन् ती जपून ठेवायला मी कॉम्प्युटरवर टाइप करत होतो. मी घरीच शिकलेलो, नजर कायम बटणांवर. मधेच लिहायच्या प्रोग्रामनं आपोआप कच्च्या मजकुराची, सेव्ह न होणारी खिडकी उघडली अन् कर्सर तिच्यात नेला. मला पत्ताच नाही. शेवटी नको म्हणून तीच बंद केली. तिच्यात टाइप झालेलं सगळं गेलं.

"भाई, परत सांगता का?"

"अब उतना दम नहीं, भाऊ. मागावर बी धागा कुठं चाललाय ते बघावंच लागतं."

संध्याकाळी सेटिंगमध्ये एक ओळ घातली. आता कर्सर आपोआप दुसऱ्या खिडकीत जात नाही. महिनाभर तो असाच पळत होता; मीच बघू, बघू करत राहिलो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हिमरूचा माग होता? आठवेल तेवढं लवकर लिहा. सांगायचा दम नसला, तरी चूक कुठं आहे ते भाई अजून दाखवतील.