गरजेचा रकाना

नव्या कंपनीचा आराखडा लिहिताना माझी बायको वसुधा एका रकान्यापाशी थांबली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बाजूने उघडणारे सुती झगे शिवायचे, असं तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं ठरवलं होतं. कापड, शिलाई, विक्री हे सगळं तिनं भरभर सांगितलं आणि मी संगणकावर उतरवलं. ‘या वस्तूची गरज काय?’ इथं मात्र ती खिडकीबाहेर बघत राहिली.

“कपडे बदलताना आई डोळे घट्ट मिटून घ्यायच्या,” ती म्हणाली.

“खांदा दुखायचा तिचा,” मी म्हणालो.

“दुखायचा, पण डोळे मिटायच्या त्या लाजेनं. झगा डोक्यावरून काढला की पार उघड्या पडायच्या. मला सांगायच्या, एवढ्यात त्याला आत येऊ देऊ नकोस.”

माझ्या आईच्या आजारपणाची तीन वर्षं, कपडे बदलताना, मी तिच्या खोलीच्या दाराबाहेर पेपर वाचत बसलो होतो. आराखडा म्हणजे पुढच्या दिवसांचा विचार, असं मी धरून चाललो होतो. पण पुढचं लिहायला बसलं की हाताला मागचेच दिवस लागतात. त्यातले काही तर एकाच घरात राहूनही आपल्याला ठाऊक नसतात.

“मग काय लिहू?” मी विचारलं.

“लिही, आजारी माणसाचं अंग झाकलेलं ठेवून त्याचे कपडे बदलता यावेत.”

मी लिहिलं. रकान्यात अजून बरीच जागा होती.

“आणखी काही?”

“नको,” ती म्हणाली. “एवढीच गरज आहे.”