मनकर्णाबाईची साक्ष

जानेफळजवळच्या त्या खेड्यात बौद्धवाड्यातली जनकाबाई म्हणजे निंदण-वेचणीच्या बायांची म्होरकी. अक्षर एक येत नाही, पण पौर्णिमेला विहारात वंदना तीच सांगते. मनकर्णाबाई पाटलिणीच्या वावरात तिची बावीस वर्षं गेली. दुपारी बांधावर दोघी एकाच फडक्यातलं खायच्या. पाटलाच्या घरी मात्र जनकाबाई ओसरीच्या पुढं कधी गेली नाही. बाईचं मन चांगलं, घरच्यांचं काय धरायचं, असं म्हणायची.

दोन सालांमागं तिचा नातू दीपक खळ्यात माणिकरावासमोर बाजेवर बसला. माणिकराव मनकर्णाबाईचा दीर. जात काढून त्यानं पोराला काठीनं झोडपलं, हात मोडला. मनकर्णाबाईनंच पदर फाडून तो हात बांधला. "जनका, म्या डोयानं पायलं. कोर्टात सांगीन," म्हणाली.

त्या एका शब्दावर जनकाबाईनं केस केली, तडजोडीला आलेली माणसं दारातून परत लावली. दर तारखेला वाड्यातल्या बाया पांढरी लुगडी नेसून कोर्टात जाऊन बसायच्या.

साक्षीच्या दिवशी मनकर्णाबाई म्हणाली, मी तेव्हा माहेरी होते. सरकारी वकिलानं विचारलं, जनकाबाईला ओळखता?

"वावरात लय बाया येतात साहेब. कोनाकोनाले वळखू?"

खोटी साक्ष जनकाबाईनं गिळली असती एकवेळ. हे घशात अडकलं.

संध्याकाळी विहारात सून काजल म्हणाली, "तिचा कापूस फुटून राह्यला. कोनी जाऊच नका येचाले."

"बह्यष्कार काय अस्ते ते आपल्या मायनं भोगलं. तो आपल्या हातून नाई. पन केस सोडाची नाई," जनकाबाई म्हणाली.

"अन् राग नाई येत तुमाले?"

"येते नं. रागाले घेऊनच जाईन वावरात."

सकाळी ती बाया घेऊन गेली. मनकर्णाबाई बांधावर उभी होती. "जनका, मले त्याच घरात राहाचं हाये वं."

"हाव," जनकाबाई म्हणाली. "साक्षीदाराले पुन्हा बोलवा, असा अर्ज लावला वकिलानं. कोर्टानं मानला तं कागद येईन तुमच्या घरी."

"माह्यं घर मोडतं का तू?"

"तुमाले वाटीन ते सांगा, बाई. पन या खेपी माह्याकडे पाहून सांगा."

मनकर्णाबाईची नजर खाली गेली. जनकाबाईनं कापूस वेचायची ओटी कमरेला बांधली आणि पहिल्या ओळीला लागली.