केबल कारखान्याची बिनकेबलची फिल्म

पडद्यावर पंप सुरू झाला, लिफ्ट वर गेली, घरातले दिवे लागले. केबल मात्र कुठेच नव्हती. आणि फिल्म होती केबल बनवणाऱ्या कारखान्याची. हुबळीच्या त्या हॉलमध्ये जमलेले डीलर हसायला लागले. कारखान्याचे मालक माझ्याकडे वळले.

"केबल एल्लि अद री, मॅडम?"

केबल कुठे आहे ते मलाही कळेना. त्यातली एकेक केबल मी माझ्या हातांनी केली होती.

कशी करतात ते सांगते. थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आधी नुसती रेघ काढायची. तिला कर्व्ह म्हणतात. पंपापासून बोर्डापर्यंत ती वळवत न्यायची, मध्ये जरा सैल सोडायची, कारण खरी केबल काही ताणलेली नसते. या रेघेला जाडी नसते, म्हणून ती फिल्ममध्ये येत नाही. जाडीसाठी दोन टिक असतात. एक केली की काम करताना स्क्रीनवर केबल दिसते. दुसरी केली की ती रेंडरमध्ये येते. रेंडर म्हणजे सॉफ्टवेअर शेवटी जी पक्की चित्रं काढून देतं ती. पहिली टिक आहे म्हणजे दुसरी असेलच असं नाही.

मी दोन्ही केल्या होत्या. या फिल्मवर माझं बरंच काही अडकलं होतं. ही नीट झाली की मला लीड आर्टिस्ट करायचं, असा आमच्या स्टुडिओच्या बॉसनी, देशपांडे सरांनी, शब्द दिला होता. त्या भरवशावर मी बेंगळूरची नोकरी सोडून दिली. अप्पा इथे जवळच केलगेरीत एकटे असतात, तेही कारण होतंच.

फाइल तयार झाली तेव्हा सर म्हणाले, "वैशाली, तू हॉलवर जा, स्क्रीनचं बघ. रेंडर हृषी लावेल." हृषी त्यांचा भाचा, पुण्याहून कोर्स करून नुकताच आलेला.

"आधी एक फ्रेम काढून बघ हं," मी त्याला बजावलं.

"बघतो की, अक्का!"

सरांनी त्याच्या स्क्रीनवर फाइल पाहिली. केबल दिसत होत्या. झकास म्हणाले आणि रेंडर झाल्यावर पेन ड्राइव्ह घेऊन थेट हॉलवर आले.

तिथे जे व्हायचं ते झालं. स्टुडिओत परत येऊन मी फाइल उघडली. सगळ्या केबलींची दुसरी टिक काढलेली.

"टेस्टची फ्रेम लवकर निघावी म्हणून टिक मीच काढली होती," हृषी म्हणाला. "परत करायची राहिली, अक्का." चहा सांडला म्हणावं तितक्या सहज.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, चूक हृषीची आहे. फाइल दाखवते."

"मला कळलंय ते."

"मग मालकांना सांगा ना."

"त्यांना नाव हवं होतं. तुझं सांगितलं." सर टेबलाकडे बघत होते. "त्याचं कसं सांगू? आमची सुमा त्यालाच दिलीय. मालक लग्नाला येणार. जावयाची अब्रू मीच घालवली तर त्याची आई, माझी अक्का, काय म्हणेल मला?"

आमच्याकडे मामाची मुलगी भाच्याला देतात, यात नवल काहीच नाही. हे लग्न ठरल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो अजून आहे.

"आणि लीडचं?" मी विचारलं.

"आता मालकच म्हणतात, त्या मॅडमना आमच्या कामावर ठेवू नका. मी काय करू, सांग."

टिक परत करून फिल्म पुन्हा रेंडर केली ती मीच. कारखान्यात नेऊन दाखवली हृषीने. मालकांनी त्याची पाठ थोपटली म्हणे. लीड तोच झाला. लीड झाल्यावर माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून विचारतो, "अक्का, ती केबल तुम्ही सैल कशी सोडता? जरा शिकवा की." शिकवलं. बेंगळूरची जागा तोवर भरली होती.

आता मी कुणीही रेंडर लावो, एक फ्रेम स्वतः काढून बघते. आणि बॉसने बढतीचा शब्द दिला, की आधी चौकशी करते, त्याच्या घरात लग्नाची मुलगी आहे का.