आधी गुडघा, मग माणूस

मद्रासमधल्या माझ्या घरमालकांइतकी गुडघ्यांवर माया करणारी व्यक्ती पृथ्वीतलावर दुसरी झाली नसेल. तंजावरकडचे मराठी, शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर. भाडेकरूंची नावं त्यांना आठवत नसत, पण कुणाच्या गुडघ्याची वाटी वाजते आणि कोण कुठल्या पायाला सांभाळतो, हे तोंडपाठ. दारात आलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत त्यांची नजर पोचायचीच नाही. "या, गुडघा कसा अहे?" हाच त्यांचा नमस्कार. भाचीला बघायला आलेल्या मुलाकडून त्यांनी पत्रिकेआधी चार उठाबशा काढून घेतल्या. पाहुणे रागावले, तर म्हणाले, "पत्रिका खोटं सांगेल, गुडघा सांगायचा नाही." लग्न झालं, आणि टिकलंही.

मद्रासच्याच गिंडी भागातल्या एका कारखान्यात मी तेव्हा उमेदवारीवर होतो. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. नोकरी लागल्यावर वडिलांनी गावभर साखर वाटली होती. कायम होण्यापूर्वी कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी होती, आणि दीड महिना आधीच बॉल बॅडमिंटन खेळताना उडी मारून मी गुडघा दुखावून घेतला. वाटीच्या खाली सुरी खुपसल्यासारखं वाटे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी गरम तेल चोळलं आणि दहा दिवस पाय लांब करून पडलो. उठलो तेव्हा माझ्या वरच्या खोलीचा जिना उतरवेना.

मास्तरांनी वाटीखाली अंगठा दाबला. मी ओरडलो.

"हाड चांगलं अहे. दोर दुखावला अहे. विहिरीचा दोर खुंटीला टांगून ठेवलास तर कुजतो, हिसका दिलास तर तुटतो. रोज बेताचा ओढायचा."

"अहो, पोराला आधी कॉफी तर पिऊं द्या," आतून मास्तरीणबाई म्हणाल्या. "गुडघा काय पळून जातो?"

"पळाला असता तर बरंच होतं!"

मग रोज सकाळी जिना. चढताना कठड्याचा आधार, भार चांगल्या पायावर. उतरताना सगळा भार दुखऱ्या पायावर, अगदी सावकाश. खाली खुर्चीत बसून मास्तर तमिळमध्ये मोजत : ओण्णु, रेण्डु, मूणु. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलं तर पायऱ्या कमी, असा त्यांचा कायदा. तीन आठवड्यांत बरं वाटलं आणि मी हुशारी करून बसकडे धावत जाऊन चढलो. संध्याकाळी जिन्यावर माझं पाऊल ऐकूनच ते ओरडले, "डावा लंगडतो अहे! काय केलंस त्याला?" पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मोजत मात्र राहिले.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मला उकिडवं बसवलं. मनातल्या मनात तमिळ आकडे मोजत मी सावकाश बसलो आणि उठलो. कायम झालो. पेढे घेऊन गेलो, तर मास्तर वाकून माझ्या गुडघ्याला म्हणाले, "शाब्बास!"

चार वर्षांनी बदली झाली. निरोपाच्या दिवशी मास्तर वर माझ्या खोलीत आले आणि माझ्याबरोबर जिना उतरले, एकेक पायरी, कठडा घट्ट धरून. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत त्यांच्या गुडघ्याची चौकशी मी एकदाही केली नव्हती. विचारणार होतो. पण त्यांनी मान वर केली, पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू कसा अहेस रे?"

आजही कुठलाही जिना उतरताना ओठ आपोआप ओण्णु, रेण्डु पुटपुटतात, आणि वाटतं, खाली खुर्चीत कुणीतरी ऐकत बसलं आहे.