ताटावरचा हात

"नको गं, पुरे," असं म्हणत काकू ताटावर दोन्ही हात आडवे धरायच्या. ताटात अजून काही वाढलेलं नसलं तरी. अशा काकू तुमच्याही नात्यात असतील. हा नकार नसून जेवणाची सुरुवात आहे, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

पण या काकू मला भेटल्या न्यू जर्सीत, काउंटीच्या वृद्धाश्रमात. नव्वदच्या दशकात मी तिथे फिजिओथेरपिस्ट होते. घरच्यांना उसंत मिळावी म्हणून म्हाताऱ्या माणसांना दोन-तीन आठवडे ठेवून घेण्याची सोय तिथे होती. सुनेच्या पाठीचं ऑपरेशन झालं, म्हणून काकू वेस्ट विंडसरहून आमच्याकडे आल्या.

ग्लोरिया नावाची मदतनीस प्रेमाने ट्रे आणायची. काकू हात आडवे धरायच्या. "ओके, हनी," म्हणून ग्लोरिया ट्रे परत न्यायची. नकाराचा मान ठेवायचा, हेच तिला शिकवलेलं. काकू फक्त न विचारता उशाशी ठेवलेल्या दूध-बिस्किटांवर राहिल्या. शेवटी नर्सने मला सांगितलं, "या जेवतच नाहीत. असंच चाललं तर घरी पाठवावं लागेल."

मी तडक काकूंकडे गेले. "काकू, जेवण आवडत नाही का?"

"तोंडात पडलं तर कळेल ना. अगं, ती एकदाच विचारते. लगेच हो म्हणायचं, हावरटासारखं?"

"मग घरी पाठवतील तुम्हाला."

त्यांचा चेहरा उतरला. "नको गं बाई. मी गेले की सून कंबर धरून माझ्या चहाला उठेल. निजून राहा म्हणून बजावून आलेय तिला."

सुनेसाठी परक्या जागी राहायची तयारी होती, पण मागून खायची नव्हती. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

मी ग्लोरियाला आग्रह समजावला. नको म्हटलं की पुन्हा विचारायचं, मग पुन्हा.

"आणि खरंच नको असेल तर?"

"तर काकू उठून जातील."

दुपारी ग्लोरिया खुर्ची ओढून बसली. मी शिकवलेलं "घ्या ना थोडं" तिने तीनदा म्हटलं. "आता तू इतकं म्हणतेस म्हणून," असं मराठीतच सांगून काकूंनी हात काढले आणि उकडलेल्या बटाट्याचा अळणी लगदा चाटूनपुसून संपवला.

पुढे काकूंचा मुलगा बेसनाचे लाडू घेऊन आला. ग्लोरियाचं डाएट चालू होतं. ती "नो, नो" म्हणत राहिली. काकूंनी अर्थातच त्यावर विश्वास ठेवला नाही. डाएट तिथेच संपलं.

सून बरी झाल्यावरही काकू दर वर्षी यायच्या. सुनेला सुट्टी, आणि ग्लोरियाला लाडू. मग एका हिवाळ्यात त्या घरीच, झोपेत गेल्या. मी सांगितलं तेव्हा ग्लोरिया रिकामा ट्रे घेऊन काकूंच्या नेहमीच्या खोलीत जाऊन बसली.

त्यानंतर त्याच खोलीत एक पोलिश आजोबा आले. पहिल्याच जेवणाला त्यांनी सूपवर हात धरला. मी दारातच होते. ग्लोरियाने ट्रे उचलला नाही. खुर्ची ओढली, बसली आणि म्हणाली, "घ्या ना थोडं."

आजोबांना अक्षरही कळलं नसेल. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी हात बाजूला घेतला.