यंत्राचं छप्पर

कुणीतरी उन्हाने दमलंय, असा निरोप तुमच्या फोनवर कधी आला आहे का?

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी असलेल्या काकांना काल आला. हिरवळ कापणारं आमचं स्वयंचलित यंत्र तापलं होतं, ते सेन्सरने कळवलं. काका धावत खाली आले, तोवर यंत्र आपलं आपण छोट्या छपराखाली जाऊन थांबलं होतं. यंत्र पोचत नाही ते कोपरे पारूमावशी विळ्याने कापतात. त्या शेजारीच, उन्हात बसल्या होत्या.

"लाडाचं आहे हो तुमचं लेकरू," मावशी म्हणाल्या.

"महागाचं आहे, मावशी," काका हसले.

मावशीही हसल्या आणि उठताना भिंतीला धरून उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. काकांचं हसू तिथेच थांबलं.

यंत्राला आणि मावशींना, दोघांनाही ऊन तेच लागत होतं. सेन्सर मावशींपासून दोन हातांवर होता, पण आपण त्याला फक्त यंत्राची काळजी करायला शिकवलं होतं.

तुमच्याही इमारतीखाली आत्ता कुणीतरी उन्हात राबत असेल. निरोपाची वाट पाहू नका. पाणी घेऊन खाली उतरा आणि त्यांना सावलीत बसवा.