जिन्याखालचं कपाट

सविता मोघे नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी सिंगापूरला आली तेव्हा तिला पेटी बरी वाजवता यायची. पियानो शिकायचा योग मात्र चाळिशीत आला. तिथल्या जू चियात भागातल्या एका जुन्या घरात मिस ओंग नावाची म्हातारी शिकवणी घ्यायची. जिभेची तिखट, पण शिकवायला लागली की वेळेचं भान नसे. तिचा थोरला भाऊ लेस्ली ओंग मोठा संगीतकार. त्याच्या सिंफनी युरोपात वाजल्या, तोही तिकडेच वारला. मिस ओंगकडून जे उचललं त्यावर सविताने पुढे टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये स्वतःची शिकवणी उभी केली.

त्या घरात जिन्याखाली एक कपाट होतं. कडी बाहेरून, आणि दाराच्या आतल्या अंगाला खाली ओरखडेच ओरखडे. एकदा सविताने सहज विचारलं, "मांजर होतं का घरात?"

"लेस्ली होता," मिस ओंग म्हणाली. "सूर चुकला की वडील त्याला आत कोंडायचे. मी बाहेर बसून त्याच्याशी बोलत राहायची. आतच मुतला की त्याचा मार वेगळा."

मग तिने चहा ओतला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

मिस ओंग गेली. तिच्या भाच्याने घर एका ट्रस्टला दिलं आणि तिथे लेस्लीचं म्युझियम झालं. सविताकडे शिकणाऱ्या ऋताची आई अनघा मागेच लागली. "काकू, तुम्ही तर तिथेच शिकलात ना? चला की, ऋतालाही दाखवू."

शनिवारी तिघी गेल्या. दारातच सविताने नाक मुरडलं. मिस ओंगच्या घराला मसाल्याचा आणि जुन्या लाकडाचा वास असे. आता तिथे हॉटेलच्या लॉबीसारखा अत्तराचा फवारा होता. स्वयंपाकघराचं कॅफे झालेलं. भिंतीवर वडिलांचा भलामोठा फोटो, खाली अक्षरं: 'पहिला गुरू'. मिस ओंग शोधून शोधून एकाच फोटोत सापडली, तीही अर्धी, चौकटीने खांद्यापाशी कापलेली.

आणि कपाटासमोर रांग! आत पिवळे दिवे सोडलेले. दारावर सोनेरी अक्षरात लिहिलं होतं, 'इथे लेस्लीला त्याचा सूर सापडला'. ओरखड्यांवर काच बसवली होती. गाइड हसतमुखाने सांगत होती, "लहानग्या लेस्लीने नखाने कोरलेल्या या त्याच्या पहिल्या स्वरओळी."

लोक वाकून त्या नखांच्या खुणांचे फोटो काढत होते. कोणी म्हणत होतं, किती गोड!

तेवढ्यात ऋताची पाळी आली.

"आत बस. मी दार लावते, मग हसत बाहेर ये. व्हिडिओ मस्त येईल," अनघा म्हणाली.

"Don't want lah, Mama. So dark."

"दिवे आहेत गं, वेडाबाई!" अनघाने तिला आत सारलं आणि कडी घातली.

आतून दारावर थापा पडल्या. रांगेतले हसले. सविता पुढे झाली, तिने अनघाचा हात बाजूला केला आणि कडी ओढली. ऋता रडत तिच्या पोटाला बिलगली.

"या ओरखड्यांना स्वरओळी म्हणता?" सविता गाइडवर कडाडली. "इथे पोराला कोंडत होते! त्याच्या बहिणीने मला स्वतः सांगितलंय."

"आंटी, ही माहिती कुटुंबाने दिली आहे," गाइड पडलेल्या चेहऱ्याने म्हणाली. मग मागून एकाने विचारलं, रांग पुढे सरकतेय का?

परतताना बसमध्ये अनघा धुमसत होती. "चारचौघांत शोभा केलीत माझी. आणि काकू, धाक दाखवला म्हणूनच झाला ना तो एवढा मोठा?"

सविताला तिच्याशेजारी बसवेना. कपाटाहून जास्त किळस आली ती या वाक्याची. "मिस ओंगचा बापही तोच होता," ती म्हणाली. "तिला कोणी विचारलं का, मोठेपण मिळालं का म्हणून?"

सोमवारी सविता म्युझियमच्या मॅनेजरला भेटायला गेली. मॅनेजरबाईने शांतपणे ऐकून घेतलं, कॉफी मागवली, आभार मानले. पंधरवड्याने कळलं की कपाटाची कडी काढली. सुरक्षिततेच्या कारणास्तव. काच आणि सोनेरी अक्षरं जागच्या जागीच.

ऋताची शिकवणी बंद झाली. पण लेस्लीच्या रचना सविता आजही शिकवते, आणि शिकवण्याआधी मुलांच्या आईवडिलांना बसवून कपाटाची हकीकत सांगते. त्यानंतर आणखी दोघांनी शिकवणी सोडली.

"कशाला सांगत बसतेस?" रवींद्र, तिचा नवरा, वैतागून म्हणाला.

"मग काय तो बापाचा फोटो सांगणार आहे?" सविता म्हणाली, आणि पुढच्या मुलीसाठी स्टूल खाली-वर करू लागली.